पौष पौर्णिमेची दुसरी रात्र

मुरबाड तालुक्यातल्या ज्या वाडीवर मी पहिली नोकरी केली, तिथे कॅलेंडर एकच होते, आणि ते शाळेच्या भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकून लावलेले होते. वाडी ठाकर आदिवासींची, तीस-पस्तीस घरांची, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. एसटीचा थांबा दोन तासांच्या पायवाटेवर. पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत बसत आणि तिला लागून काढलेल्या लहानशा खोलीत मी राहत असे. महिना बदलला की मी कॅलेंडरचे पान उलटत असे. ते पान पाहायला कोणीही येत नसे. सण, लग्न, जत्रा, सगळे तिथे आकाशाकडे पाहून ठरे, आणि आकाशातले काही न कळणारी वाडीत मी एकटीच होते.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. माझे वय सव्वीस. वडील शहापूरला शिक्षक होते. घरात पुस्तके भरपूर आणि बोलणे बेताचे. माझे शिक्षण पुष्कळ झाले होते, परंतु चार माणसांत उभे राहून एक वाक्य बोलायचे झाले तर ते मी आधी मनात तीनदा म्हणून पाहत असे, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून जात असे. मुलांसमोर मात्र मी बोलू शके. म्हणूनच शिक्षिका झाले असावे.

वाडीने पहिल्याच दिवशी ठरवले, की बाई माणूस शाळेत एकटी झोपायची नाही. कोणीतरी सोबतीला जायचे. ते काम एका बाईकडे आले. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. भात झोडून झाले की तिचा नवरा मजुरीला बाहेर जाई, तो पावसाळ्याच्या तोंडावर परते. रात्रीची भाकरी आटोपली की ती खांद्यावर झोपलेली मुलगी आणि काखेत घोंगडी घेऊन येई. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

पहिल्या रात्रीचे बोलणे मला शब्दशः आठवते.

"बाई, तुमाला भ्या वाटतंय काय?"

"नाही."

"मंग कंदील का नाय इजवत?"

मी कंदील विझवला. मग अंधारातून आवाज आला, "आता मला भ्या वाटतंय. लावा परत."

मी घाईघाईने काड्यापेटी शोधू लागले, तेव्हा ती हसत असल्याचे मला ऐकू आले.

महिनाभराने अंधारात ती मला 'तू' म्हणू लागली. सकाळी दार उघडले की पुन्हा 'तुमी'. हा नियम आम्ही कधी बोलून ठरवला नाही, आणि तीन वर्षांत तो एकदाही मोडला नाही. मुलगी दोघींच्या मध्ये झोपे. मध्येच कूस बदलून ती माझ्या पोटाशी येई, आणि तिला परत आईकडे सरकवण्याचा धीर मला होत नसे; मी तशीच अवघडून पडून राही.

पौषातल्या पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते. तालुक्यातल्या माणसाला ती सांगावी लागत नाही. बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, पाळणे, तंबूतला सिनेमा. वाडीतली माणसे पायी जात. पहिल्या वर्षी मी कॅलेंडर पाहून म्हणाले, की उद्या रात्री पौर्णिमा आहे, तेव्हा पहाटेच निघण्याची काही गरज नाही. ती अंगणात उभी राहून डोंगराकडे पाहत होती. डोंगर पूर्वेला, त्यामुळे चंद्र वाडीवर नेहमीच उशिरा येई.

"आमी कागद नाय बगत," ती म्हणाली. "चांद जरा उना असला की पहाटंला निगायचं. तो भरला की आमी पोचलेले."

"पण कागदात तास-मिनिटे दिलेली असतात."

"असतील. कागद पावसात भिजल. चांद काय भिजत नाय."

त्या वर्षी आम्ही तिच्या हिशेबाने गेलो आणि बरोबर दिवेलागणीला पोहोचलो. चंद्र जत्रेवर नुकताच वर आला होता, पुरा गोल. कॅलेंडरही तेच म्हणत होते. पण ते मी तिला सांगितले नाही.

तीन वर्षांनी माझी बदली खर्डीकडच्या एका गावात झाली. घर शहापुरात होते, तेव्हा ही बदली सोयीची, असे सर्व जण म्हणाले. निघताना मी तिला विचारले, "पत्र पाठवू का?"

"वाचनार कोन? तुमीच यायच्या काय वाचायला?"

मग तिनेच ठरवले. दर वर्षी पौषाच्या पुनवेला, दिवेलागणीच्या वेळी, जत्रेतल्या चिंचेखाली. त्या चिंचेखाली देशावरून आलेला एक वयस्क घोंगडीवाला दर वर्षी आपला ढीग मांडत असे. "म्हातारा मेला तरी चिच राहील," ती म्हणाली, आणि आमचे ठिकाण पक्के झाले.

खर्डीला मी रुळांपलीकडे एक खोली घेतली. शाळेतले सहकारी संध्याकाळच्या गाडीने कल्याणकडे परतत. मुलेही भाताच्या बांधांवरून आपापल्या पाड्यांकडे निघून जात. साडेपाचनंतर गावात मला ओळखणारी माणसे पुष्कळ असत, पण माझ्याकडे काम असलेले कोणी नसे. पुढे दोन वर्षांच्या अंतराने आई-वडील दोघेही गेले. भाऊ दूरच्या शहरात होता. माझ्यासाठी स्थळे येत. मी चहा नेऊन ठेवी, विचारले तेवढेच बोले, आणि ती स्थळे जात. त्याचे मला फार वाईट वाटले असे म्हणता येणार नाही. फक्त एखाद्या रविवारी लक्षात येई, की शनिवारी दुपारी शाळा सुटल्यापासून आपण तोंडातून एकही शब्द काढलेला नाही.

वर्षातून एक रात्र मात्र मी बोलत असे. चार वर्षे आम्ही चिंचेखाली भेटलो. भजी घेत असू, पोरीसाठी बांगड्या घेत असू, आणि मग घोंगडीवाल्याच्या ढिगाला पाठ लावून बसत असू. ती वाडीतले सांगे: कोणाची म्हैस कड्यावरून पडली, कोणाच्या सुनेने सासूला चुलीपाशी बसू दिले नाही. मी शाळेतले सांगे. अंधार पडला की 'तू' सुरू होई. घोंगडीवाला आम्हाला एक जुनी घोंगडी अंथरायला देई आणि दर वर्षी एकच विनोद करी: "झोपून पाहा, आवडली तर घ्या. न्हाई आवडली तर झोपेचं भाडं द्या."

चौथ्या वर्षी पहाटे, उजाडायच्या आत, ती म्हणाली, "पोरगी आता धा वर्साची होईल. मास्तर येतो नि जातो. वाडीत चौथीच्या पुढं नाय. तुझ्याकडं ठेवशील?"

मी लगेच हो म्हणाले. माझ्या आयुष्यात मनात एकदाही न म्हणता थेट बोललेली जी थोडी वाक्ये आहेत, त्यांत ते एक.

"यंदा नको," ती म्हणाली. "यंदा पोर राती मला सोडत नाय. पुढच्या पुनवेला आनते, कापडं बांदून. जूनमदी वड्याला पानी, शेताची घाई. जत्रंलाच बरं."

मला ते पटले. जानेवारीत आली तर जूनपर्यंत मी तिला घरी शिकवून पाचवीच्या लायकीची करीन, असे मी ठरवले.

ते वर्ष माझ्या खर्डीच्या वास्तव्यातले सर्वांत चांगले वर्ष होते, आणि त्यात घडले काहीच नाही. मी एक गोधडी शिवून घेतली. एक ताट, एक पेला आणला. खोलीच्या भिंतीवर माझ्या कपड्यांसाठी खिळे होते; त्यांच्या खाली, दहा वर्षांच्या मुलीचा हात पोहोचेल अशा उंचीवर, मी आणखी एक खिळा ठोकला. शहापूरच्या बाजारातून अंदाजाने एक फ्रॉक घेतला. या सगळ्याबद्दल मी कोणाजवळ बोलले नाही. शेजारच्या काकूंनी विचारले, "दुसरं ताट कोणाला गं?" तेव्हा मी म्हणाले, "असू दे, लागतं कधी."

त्या पौषात हवा बिघडली. पौर्णिमेच्या आधीचा आठवडाभर आभाळ उतरून आले होते. थंडी असूनही अंगाला चिकटपणा जाणवे. खळ्यांवर रचलेला पेंढा झाकायला लोकांची धावपळ चालली होती, आणि ज्यांचा वाल फुलात होता ते शेतकरी सारखे वर पाहत होते. मी कॅलेंडरवर दिवस पाहून एका दिवसाची रजा मागितली. दोन दिवसांची मागितली असती तर मिळाली असती. मुख्याध्यापकांनी "एकच?" असे विचारलेदेखील. मी म्हणाले, "एक पुरे."

शहापूरहून मुरबाडची एसटी, आणि तिथून जत्रेची. मी चिंचेखाली पोहोचले तेव्हा पाच वाजले होते, पण दिवे लागले होते. वारा सुटला होता. घोंगडीवाल्याने ढिगावर ताडपत्री टाकून चार कोपऱ्यांना दगड ठेवले होते आणि पाचवा कोपरा असल्यासारखा तो स्वतः मधोमध बसला होता.

"या, बाई. तुमची जोडीदारीण न्हाई दिसत?"

"येईल. अजून दिवेलागण कुठे झाली आहे?"

"दिवे लागलेत की," तो म्हणाला.

सहाच्या सुमारास पाऊस आला. पावसाळ्यातला नव्हे, मोठे, थंड, तिरपे थेंब, आणि त्यांच्यामागून वाऱ्याची एकामागून एक झोड. मिठाईवाल्यांनी परातींवर पोती टाकली. सिनेमाच्या तंबूचे एक अंग सुटले आणि ते कापड इतक्या जोराने फडफडू लागले, की जवळचे बैल दावणीला हिसके देऊ लागले. मग वीज गेली. एका क्षणात पाचशे पावलांवरची जत्रा नुसता आवाज होऊन राहिली: माणसांच्या हाका, घंटांचा खणखणाट, भांडे घरंगळल्याचा आवाज. घोंगडीवाल्याने ताडपत्रीचे टोक उचलून मला आत घेतले. लोकरीचा ओला वास आला. पिशवीतला फ्रॉक भिजू नये म्हणून मी पिशवी पोटाशी धरली होती.

तासाभराने पाऊस थांबला, वारा मात्र थांबला नाही. आणि ढग फाटू लागले.

त्या रात्रीचा चंद्र मी पाहिला असे म्हणताना मला थोडे खोटे बोलल्यासारखे वाटते. ढग इतक्या वेगाने सरकत होते, की पळतो आहे तो चंद्रच, असे वाटे. तो उघडा पडे, सगळा माळ पांढरा होई, आणि दहा-वीस आकडे मोजावेत एवढ्या वेळात पुन्हा झाकला जाई. परंतु उजेड पडला की मी वर न पाहता वाटेकडे पाही. त्या उजेडात मी दोन माणसे शोधत होते, एक मोठे आणि एक लहान. वाटेवर माणसे पुष्कळ होती. डोक्यावर पोते घेतलेले पुरुष, भिजलेल्या लुगड्याचा पदर पिळत चाललेल्या बायका. एकदा एक बाई आणि तिच्या हाताला धरलेली मुलगी अशी जोडी सरळ चिंचेकडे येऊ लागली. मी उभी राहिले. तेवढ्यात अंधार झाला. पुन्हा उजेड पडला तेव्हा त्या दोघी माझ्यापासून चार हातांवर होत्या आणि ती बाई घोंगडीवाल्याला विचारत होती, "मामा, मुरबाडची गाडी कुठं लागते?"

लांब उभा असलेला मोठा पाळणा बंद होता. त्याच्या रिकाम्या खुर्च्या वाऱ्याने हलत होत्या, आणि दर उजेडात त्यांच्या सावल्या जमिनीवरून पुढेमागे सरकत. बैल मात्र आता शांत होते. ओल्या पाठींतून वाफ निघत होती. सगळी जत्रा निवाऱ्याला गेली होती आणि ती जनावरे तेवढी उघड्यावर, पाय रोवून, एकाच दिशेला तोंड करून उभी होती.

आठच्या पुढे केव्हातरी ढग पूर्वेकडून पार निघून गेले. वारा होता, पण आभाळ धुतलेले होते, आणि पूर्वेला चंद्र. तेव्हा मी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. त्याला कुठेही कमीपणा नव्हता. त्या उजेडात मला हातातल्या घड्याळाचे आकडे वाचता आले. मला आठवते, मी असा विचार केला, की आता वाट स्वच्छ दिसते आहे. यायचे असते तर ती एव्हाना आली असती.

"आभाळ उघडलं," घोंगडीवाला म्हणाला. "आता यायची असतील ती येतील."

"ती नाही येणार," मी म्हणाले.

हे मला कोणी सांगितले नव्हते. आधी मीच म्हणाले.

रात्रभर मी ढिगाला पाठ लावून बसले, आणि चंद्र पश्चिमेला उतरेपर्यंत मनाशी सगळे जुळवून ठेवले. आईचा जीव, तो मुलीला सोडायला तयार झाला नाही. वर्षापूर्वी बोलून बसली आणि आता नाही म्हणायचे कसे, म्हणून आलीच नाही. माझ्यासारख्या बाईच्या खोलीत मुलगी वाढावी असे कोणाला वाटेल? मला हे सारे इतके खरे वाटले, की उजाडेपर्यंत मी तिला क्षमाही करून टाकली. आज मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या क्षमेची.

सकाळी पहिल्या गाडीला निघताना घोंगडीवाला म्हणाला, "थांबा की आजचा दिस. जत्रा काय पळून जात न्हाई."

"शाळा आहे," मी म्हणाले.

पुढचे वर्षभर मी वाडीवर गेले नाही. जाणे कठीण नव्हते. पण गेले असते तर तिला तोंडाने नाही म्हणावे लागले असते, आणि तो अवघडलेपणा मला तिला द्यायचा नव्हता. निदान मी स्वतःला असे समजावत असे. ताट-पेला वरच्या फळीवर गेला. खिळा काढायला हवा होता; तो जरा जास्तच खोल गेला होता.

पुढच्या पौर्णिमेला मी जत्रेला गेले ते सवयीने. आभाळ निरभ्र होते. ती आली नाही. घोंगडीवाल्याने मला पाहिले आणि नेहमीचा विनोद केला नाही.

"गेल्या साली तुम्ही गेलात," तो म्हणाला, "आन् त्याच दिशी सांजच्याला ती आली. पोरगी बरोबर. पोरीच्या डोक्यावर बोचकं."

मी पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर बसले.

"मी सांगितलं, बाई काल येऊन गेल्या. तर म्हणाली, काल कसं? काल तर आमी चांद बघितला. दोन राती बसली हितं. दुसऱ्या दिशी पोरीला पाळण्यात बसवलं, आन् गेली."

त्या रात्री मी परतीच्या गाडीचा विचार केला नाही. पहाटे मिळाली ती एसटी घेतली आणि उतरल्यावर दोन तासांची पायवाट चालले. न सांगता रजा घेण्याची ती माझ्या नोकरीतली एकमेव वेळ.

ती अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होती. मला पाहून उभी राहिली. शेजारच्या दोन बायकाही उभ्या राहिल्या.

"तुमी," ती म्हणाली. "बसा."

बायका गेल्यावर तिने पाणी दिले. मी मनात जुळवलेली वाक्ये वाटेतच विसरले होते. मी एवढेच विचारले, "त्या वर्षी उशीर कसा झाला?"

"आठ दिस आबाळ होतं. चांद कवा भरतो कोन सांगनार? मास्तर जत्रंला म्हनून घरी गेलेला, शाळंला कुलूप, कागद आत. मी रोज राती अंगनात येऊन बगायची. काय नाय दिसायचं. एका राती वारं सुटलं नि ढग फाटला. बगते तर डोंगरावर हा येवढा, भरलेला. पोरीला म्हनलं, ऊठ गो, बांद कापडं. पहाटंला निगालो."

"मीही पाहिला," मी म्हणाले. "त्याच वेळी. चिंचेखालून."

तिने शेंगांवरचा हात थांबवला. दिवसाढवळ्या, अंगणात, ती मला म्हणाली, "पायलास? मंग तुला कळलं नाय, का मलापन आत्ताच दिसला असल?"

तीन वर्षे मी त्या वाडीत राहिले होते. तिथे पौर्णिमा कशी कळते, हे माझ्याइतके बाहेरच्या कोणालाही ठाऊक नव्हते. तोच चंद्र, तीच वेळ. तो पाहून ती यायला निघाली आणि तो पाहून मी परत जायचे ठरवले. मी फक्त एक दिवस थांबायला हवे होते.

"पोरगी कुठे आहे?" मी विचारले.

"शिकतंय. आश्रमशाळंत."

"कोणी घातले?"

"मी. दुसरं कोन घालल? जूनमदी वड्याला पानी यायच्या आदी उतरले. तीन ठिकानी इचारलं. एकानं हाकलली, एकानं उद्या ये म्हनलं, तिसऱ्यानं नाव लिवलं." तिने शेंगा पुन्हा पसरायला घेतल्या. "तुजी वाट दोन राती बगितली. मंग म्हनलं, बाईला नको असल. तोंडावर सांगायची लाज वाटली असल. बाई पयल्यापासून लाजरीच. नको तर नको. राग नाय धरला."

म्हणजे तिनेही मला क्षमा केली होती. माझ्यासारखीच, न विचारता.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. मुलगी शिकत होती. तिला माझी गरज पडली नव्हती. हे दोन्ही विचार एकदमच आले आणि ते वेगळे करायला मला बराच वेळ लागला. फ्रॉक मी बरोबर आणला होता. तो आता तिला आखूड झाला असता. तरी तिने घेतला, उलटून पाहिला, शिवण ओढून पाहिली. "कापड चांगलं हाय," म्हणाली. "भाचीला होईल."

रात्री मी तिच्या घरी राहिले. निजताना तिने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे एक कॅलेंडर होते.

"पोरीनं लावलंय, दिवाळीला आली तवा. पुनवेला लाल गोल काडलाय. मला म्हनती, आयं, तू चुकतेस. मी म्हनलं, मी नाय चुकत, आबाळ चुकतं."

"मग या वर्षी का नाही आलीस? गोल तर होता."

"तू येशील असं वाटलं नाय," ती म्हणाली.

दिवा विझवल्यावर तिने नवा नियम घातला. पौर्णिमेच्या रात्री बसायचे, आणि दुसऱ्या रात्रीही बसायचे. आदल्या दिवशी कोणी आले नाही म्हणून उठायचे नाही. "दोन दिसाची सुट्टी मिळंल काय तुला?"

"मिळेल," मी म्हणाले. "मागितली तर मिळते."

त्यानंतर बरीच वर्षे आम्ही जत्रेला गेलो. नियम घातल्यानंतरच्या पहिल्या वर्षी ती ठरल्याप्रमाणे दिवेलागणीला आली, मी तर चारलाच येऊन बसले होते. भजी झाली, वाडीतले झाले, शाळेतले झाले. पोरगी सहावीत गेली होती आणि सुटीत घरी आली की आईला साबण लावून हात धुवायला लावत होती. सकाळ झाली. आता दोघींनी आपापल्या वाटेने जायला हरकत नव्हती. ती घोंगडी झटकून घडी घालू लागली, आणि मग थांबली.

"दुसरी रात हाय ना," ती म्हणाली.

"पण आपण दोघी आलो आहोत. आता कोणाची वाट पाहायची?"

"ठरलंय ना. मंग बसायचं."

आम्ही बसलो. घोंगडीवाल्याने भाड्याचा विनोद दोनदा केला. दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने चंद्र आला. आदल्या रात्रीपेक्षा उशिरा, आणि एका कडेला जरासा झिजलेला. वारा नव्हता. वाटेवरून माणसे येत होती, जात होती, आणि सवयीने मी त्यांच्यात एक मोठे आणि एक लहान अशी जोडी शोधत होते.

"उना झाला बग," ती म्हणाली.

"हो."

"तरी उजेड तेवडाच देतो."

सकाळी ती डोंगराकडे निघाली आणि मी मुरबाडच्या गाडीला. खर्डीला पोहोचले तेव्हा संध्याकाळची गाडी येऊन गेली होती आणि फलाटावर कोणी नव्हते. खोली उघडली, दिवा लावला, आणि हातातली पिशवी त्या खालच्या खिळ्याला अडकवली. इतकी वर्षे तो रिकामा होता. पिशवीसाठी उंची बरोबर होती.